'आपण' की 'आम्ही'? राष्ट्रवाद, वंश आणि राजकीय लेखनातला एक छोटा शब्द

मधुमालती:

दोनेक महिने झाले, युरोपातल्या राजकारणावरचे काही वैचारिक लेख मराठीत आणतेय. राष्ट्र, स्थलांतर, अस्मिता असे सगळे जड विषय. सार्वभौमत्व वगैरे शब्दांवर डोकं फोडावं लागणार अशी तयारी ठेवली होती, पण अडकले कुठे तर इंग्रजीतल्या 'वुई'पाशी.

मराठीत त्याचे दोन होतात ना. आपण म्हटलं की ऐकणारा आत, आम्ही म्हटलं की तो बाहेर. हे कुणाला व्याकरणाच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही, 'आपण जाऊया' आणि 'आम्ही जाऊन येतो' यातला फरक तीन वर्षांच्या पोरालाही कळतो आणि दुसरं वाक्य ऐकलं की ते भोकाड पसरतं. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन या भाषांत हा भेद सर्वनामात नाहीच. तिथला लेखक एकच शब्द पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वापरू शकतो आणि मधे कुठेतरी त्याचा अर्थ बदलला तरी वाचकाच्या कानाला काही खटकत नाही.

माझ्यासमोरच्या लेखाचं नाव देत नाही, कारण मुद्दा त्या एका लेखकाचा नाहीये, या वळणाचे लेख गेल्या दहा-पंधरा वर्षांत ढिगाने आलेत. पहिल्या परिच्छेदात 'वुई' म्हणजे देशातले सगळे नागरिक, कर भरणारे, दवाखान्यात नंबर लावून बसलेले. मी लिहिलं, 'आपण सगळेच थकलो आहोत'. दुसऱ्यात गेल्या पन्नास वर्षांचा आढावा, 'आपण मोठ्या मनाने दारं उघडली', बाहेरून आलेल्यांना काम दिलं, घरं दिली. तिसऱ्यात संसद, कायदा, भाषा. इथवर आपण, आपण, आपण, काही अडलं नाही. चौथ्यात येतं की ज्या पूर्वजांनी ही कॅथीड्रल्स, म्हणजे जुनी भव्य चर्चेस, उभी केली त्यांचे 'वुई' वारस. इथे माझा हात थांबला. कारण पहिल्या परिच्छेदात दवाखान्यात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचे पूर्वज तेव्हा दुसऱ्या खंडात होते. आणि सातव्यात तर 'वुई'ची जागा दुसरेच लोक घेतायत असं सरळ म्हटलंय. तिथे आपण लिहिणं शक्यच नाही, तिथे आम्हीच. म्हणजे पहिल्या आणि सातव्या परिच्छेदाच्या मधे कुठेतरी नागरिक गेला आणि रक्त आलं, आणि वंश हा शब्द अख्ख्या लेखात एकदाही नाही!

आणखी एक लक्षात आलं. नेमक्या चौथ्याच परिच्छेदात तत्त्वज्ञ अवतरतो, अर्नेस्त रेनाँ. १८८२ साली त्याने सॉर्बोनमध्ये 'राष्ट्र म्हणजे काय' यावर जे व्याख्यान दिलं त्यात दोन गोष्टी सांगितल्या होत्या, एक म्हणजे आठवणींचा सामायिक वारसा आणि दुसरी म्हणजे आज एकत्र राहायची इच्छा, राष्ट्र हे रोजचं सार्वमत आहे असं तो म्हणतो ते या दुसऱ्यासाठी. आणि वंश, भाषा, धर्म यातलं काहीही राष्ट्राला पुरेसं नाही हे तो एकेक करून दाखवतो. लेखात फक्त पहिला भाग घेतलाय. वारसा आहे, सार्वमत गायब. रेनाँच्या एका पायावर लेख उभा केलाय.

तर प्रश्न असा की मी काय करू? चौथ्या परिच्छेदापासून आम्ही लिहिलं तर लेखकाने जे झाकलंय ते मी उघडं करतेय, आणि आपणच ठेवलं तर झाकायला मीही हातभार लावतेय. अनुवादकाने यातलं काय करावं?

जुनाजाणता:

मधुमालतीताई, फार नेमक्या जागी बोट ठेवलंत. पण हे आपोआप झालेलं नाही, वंश शब्द न वापरता तेच बोलायची ही पद्धत शिकून-सवरून आलेली आहे, तिचा इतिहास थोडा सांगतो, लांबेल, चालवून घ्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात वंशाच्या नावाने राजकारण करणं अशक्य झालं. १९५० मध्ये युनेस्कोने वंशाबद्दलचं निवेदन काढलं की वंश ही जीवशास्त्रीय वस्तुस्थिती कमी आणि सामाजिक मिथक जास्त आहे. मग वंशवाद संपला का, तर नाही. वसाहतवादविरोधी विचारवंत फ्रान्झ फॅनन याने १९५६ मध्ये पॅरिसच्या कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांच्या परिषदेत सांगून ठेवलं की कवट्या मोजणारा जुना वंशवाद आता मागे पडतोय आणि त्याची जागा संस्कृतीला लक्ष्य करणारा वंशवाद घेतोय. हे १९५६ साली! पुढे १९६८ मध्ये फ्रान्समध्ये आलँ द बनुआ आणि मंडळींनी 'ग्रेस' नावाचा अभ्यासगट काढला, त्यालाच पुढे नवं उजवं वळण म्हणायला लागले. त्यांनी श्रेष्ठ-कनिष्ठ ही भाषाच हळूहळू सोडून दिली. त्यांचं म्हणणं, प्रत्येक संस्कृती मोलाची, प्रत्येकीला वेगळं राहायचा हक्क आहे. ऐकायला किती उदार वाटतं. पण त्याचा पुढचा अर्थ असा की ज्याने त्याने आपापल्या जागी राहावं, सरमिसळ झाली की दोघांचंही नुकसान. ब्रिटनमध्ये मार्टिन बार्कर यांनी १९८१ मध्ये याला नवा वंशवाद म्हटलं, फ्रान्समध्ये एत्येन बालीबार यांनी १९८८ मध्ये वंशांशिवायचा वंशवाद. शब्द गेला, भिंत तिथेच.

सगळ्यात अवघड उदाहरण मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोसचं आहे आणि ते मला अजून पचलेलं नाही. १९५२ मध्ये याच माणसाने युनेस्कोसाठी वंशवादाविरुद्ध पुस्तिका लिहिली, संस्कृती देवाणघेवाणीतूनच वाढतात असं त्यात आहे. १९७१ मध्ये युनेस्कोनेच पुन्हा बोलावलं तर म्हणाले की संस्कृतींना सर्जनशील राहायचं असेल तर एकमेकींबद्दल थोडं बहिरेपणही हवं, आणि स्वतःच्या रीतीवर जास्त जीव असणं म्हणजे वंशवाद नव्हे. मोठी खळबळ झाली. नव्या उजव्यांनी पुढे हे हातोहात उचललं. लेव्ही-स्त्रोस वंशवादी होते असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण चांगल्या माणसाचं चांगलं वाक्य कुठल्या परिच्छेदात जाऊन बसतं यावर त्याचा ताबा राहत नाही.

सातव्या परिच्छेदातलं ते 'जागा घेतायत' कुठून आलं हे माहीत असेलच, रनो कामू या फ्रेंच साहित्यिकाने २०११ च्या पुस्तकात 'ग्रेट रिप्लेसमेंट' या नावाने रूढ केलेली ती कल्पना. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ज्याने ५१ माणसं मारली त्याने आपल्या निवेदनाला तेच नाव दिलं होतं. कामूने हत्या करायला सांगितलं नव्हतं हे खरं, पण 'आम्हाला पुसून टाकतायत' हे वाक्य एकदा खरं मानलं की पुढे काय करायचं ते वाचणाऱ्यावर सोडलेलं असतं, म्हणून मला असले लेख वाचताना नुसती चर्चा चाललीय असं वाटत नाही, भीती वाटते.

त्रिज्या:

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. राग मानू नये.

जुनाजाणता यांचा इतिहास बरोबर आहे पण त्यातून एक सवय लागते, राष्ट्र म्हटलं की खाली रक्त शोधायचं. माझ्या मते हे अन्यायाचं आहे. पूर्वजांबद्दल बोलणारा प्रत्येक माणूस वंशाबद्दल बोलत नसतो. याएल तामीर यांनी १९९३ मध्ये उदारमतवादी राष्ट्रवाद मांडला, डेव्हिड मिलर यांनी १९९५ मध्ये. त्यांचा प्रश्न साधा आहे, मी कधीही न भेटलेल्या माणसाच्या औषधपाण्यासाठी माझ्या कमाईतला वाटा का द्यावा? तो माणूस आहे म्हणून? मग जगातल्या सगळ्यांनाच द्यावा लागेल. तो आपला आहे म्हणून देतो. हे 'आपला' नुसत्या कायद्याच्या कलमांतून तयार होत नाही, त्याला गोष्टी लागतात, आठवणी लागतात, एकत्र भोगलेलं काहीतरी लागतं. जर्मनीत श्टेर्नबर्गर आणि मग हाबरमास यांनी संविधाननिष्ठ देशभक्तीची, म्हणजे रक्ताऐवजी संविधानातल्या मूल्यांवर निष्ठा ठेवायची, कल्पना मांडली, त्या देशाने जे केलं त्यानंतर ती का मांडावी लागली हे समजतं, पण नुसत्या संविधानावर जीव ओवाळून टाकणारे किती?

फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन वेल आठवा. १९४३, लंडन, मायदेश नाझींच्या ताब्यात, स्वतः मरणाच्या दारात, आणि ती बाई लिहितेय की मुळं असणं ही माणसाच्या आत्म्याची कदाचित सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गरज आहे. तिला वंशवादी म्हणणार का?

आणि गुलामीत असलेल्या लोकांनी राज्यकर्त्यांना 'आम्ही' म्हणून ठणकावलं तेव्हाच देश सुटले. तो आम्ही बाहेर ठेवणाराच होता, ठेवायलाच हवा होता. मधुमालती, तुमच्या मांडणीत आपण चांगला आणि आम्ही वाईट असं होत चाललंय, तेवढं तपासा.

मधुमालती:

त्रिज्या, रागाचा प्रश्नच नाही, हे हवंच होतं. आम्ही वाईट असं मला म्हणायचं नव्हतं पण तसं वाचलं जाऊ शकतं हे मान्य. माझी तक्रार आपण म्हणून बोलावून आणायचं आणि मधेच आम्ही करून टाकायचं याबद्दल आहे. पहिल्या ओळीपासून आम्ही लिहिणाऱ्याशी निदान समोरासमोर भांडता येतं.

तामीर-मिलर वाचलेत. त्यांच्या 'आपण'मध्ये नवीन येणाऱ्याला शिरायला दार आहे, भाषा शिका, इतिहास आपला माना, सण-दुःखं वाटून घ्या. कॅथीड्रल बांधणाऱ्या खापरपणजोबाचं दार मात्र कुणी कितीही कष्ट केले तरी उघडत नाही, ते जन्माआधीच बंद झालेलं असतं. मला तरी हा फरक फार मोठा वाटतो.

पाऊलखूण:

तत्त्वज्ञांच्या नावांबद्दल लिहायचंय, कारण शिकताना आमच्या मनात एक ढोबळ नकाशा बसवला होता की प्रबोधनकाळातले विवेकवादी म्हणजे सगळ्या मानवजातीचे, आणि संस्कृती-भाषा-लोकगीतं करणारे रोमँटिक म्हणजे वंशवादाचे आजोबा. प्रत्यक्ष वाचायला घेतल्यावर नकाशा पार उलटापालटा झाला.

इमॅन्युएल कांट, विवेकाचा शिरोमणी, त्याने १७७५ मध्ये मानवी वंशांवर निबंध लिहिला, माणसांचे चार वंश पाडले आणि त्यांची प्रतवारीही शिकवली. त्याचाच विद्यार्थी हर्डर, ज्याला राष्ट्रवादाचा आद्य पुरुष म्हणतात, त्याने १७८० च्या दशकात लिहिलं की वंश हा शब्दच मला मान्य नाही, माणूस एकच आहे, रंग एकमेकांत मिसळत जातात. डेव्हिड ह्यूम, एवढा संशयवादी, कशावरही पुराव्याशिवाय विश्वास न ठेवणारा, त्याने राष्ट्रस्वभावांवरच्या निबंधाला १७५३ मध्ये एक तळटीप जोडली की कृष्णवर्णीय लोक स्वभावतःच कमी प्रतीचे असावेत असा मला संशय आहे. पुरावा? काही नाही. त्या एका टिपेमुळे २०२० मध्ये एडिंबरा विद्यापीठाने त्याच्या नावाच्या इमारतीचं नाव बदललं. नाव बदलावं की नाही यावर माझं मत ठाम नाही पण ती टीप मी वाचली तेव्हा खूप वेळ पुस्तक बाजूला ठेवलं होतं हे सांगते, कारण त्याआधीची शंभर पानं मी अक्षरशः प्रेमाने वाचली होती.

नित्शेचं उलट झालं. ज्यूद्वेष करणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता, बहिणीने तसल्याच एका प्रचारकाशी लग्न केलं म्हणून तिच्याशी बिनसलं. १८८९ मध्ये त्याचं मानसिक भान गेलं आणि कागद सगळे त्याच बहिणीच्या हातात. तिने टिपणं जोडून-तोडून १९०१ मध्ये त्याच्या नावावर ग्रंथ काढला. १९३५ मध्ये तिच्या अंत्यविधीला हिटलर हजर होता. नित्शे लोकशाहीवादी होता असं नाही, अजिबात नाही, पण रक्ताचा पुजारी त्याला मरणोत्तर बनवलं गेलं.

हायडेगरला मात्र कुणी बनवलं नाही, तो स्वतःच्या पायांनी चालत गेला. १९३३ मध्ये फ्रायबुर्गचा कुलगुरू, त्याच वर्षी नाझी पक्षाचा सभासद, १९३४ मध्ये कुलगुरूपद सोडलं पण सभासदत्व १९४५ पर्यंत. आणि २०१४ पासून त्याच्या काळ्या वह्या, म्हणजे खाजगी टिपणवह्या, छापून यायला लागल्या त्यात ज्यूंबद्दल जे आहे ते वाचून, 'तो राजकारणात भोळा होता' म्हणणाऱ्यांनाही गप्प बसावं लागलं.

म्हणून आजच्या लेखात नित्शे, हायडेगर, कार्ल श्मिट अशी नावं एका दमात आली की मी थांबते आणि बघते की त्यांचा कुठला विचार घेतलाय. बहुतेकदा विचार नसतोच, नाव असतं. दारावर पाटी लावतात तशी.

नवखा_वाचक:

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. एक बाळबोध प्रश्न. विज्ञानाने सिद्ध केलंय ना की वंश असं काही नसतंच? मग एवढा वाद कशाला, तेवढंच सांगून विषय संपत नाही का?

अर्धविराम:

नवखा, बाळबोध अजिबात नाही, मी वीस वर्षं हाच प्रश्न घेऊन बसलोय.

जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की माणसांमधल्या जनुकीय वैविध्यापैकी जवळपास ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आतच सापडतं, ज्यांना आपण वंश म्हणतो त्यांच्यातल्या फरकाच्या वाट्याला सहा-सात टक्के. हे पक्कं आहे. पण २००३ मध्ये एडवर्ड्स या संख्याशास्त्रज्ञाने म्हटलं की एकेक जनुक सुटं बघण्याऐवजी पुष्कळ जनुकं एकत्र बघितली तर माणसाचे पूर्वज कुठल्या भागातले हे बऱ्यापैकी ओळखता येतं. हेही खरं आहे. त्यामुळे तुम्ही घाईत 'वंश नसतोच' म्हणून बसलात की समोरचा एडवर्ड्स काढतो आणि तुम्ही गप्प. नीट बोलायचं तर, पूर्वज कुठले याचा अंदाज लागणं वेगळं आणि मानवजातीचे चार-पाच कप्पे निसर्गानेच पाडलेत असं म्हणणं वेगळं. कप्प्यांच्या रेघा माणूस मारतो. कुठे मारायच्या हे ठरवतो कोण, खरी मेख तिथे आहे.

एकच प्रकरण जवळून सांगतो. अमेरिकेत तेव्हा नागरिकत्व मिळवायचं तर कायद्याने 'गोरा' असावं लागे (किंवा आफ्रिकी वंशाचा). नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. त्याचं म्हणणं, माझी कातडी बघा, पुष्कळ गोऱ्यांपेक्षा गोरी आहे. न्यायालय म्हणालं, कातडीचा प्रश्न नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. बरं. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल आला. पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. ते म्हणाले, तुमच्याच शास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानातले लोक आर्य, म्हणजे कॉकेशियन, मग मी गोरा. वर आपण उच्च जातीचे आहोत, खालच्यांत मिसळलेलो नाही, असाही युक्तिवाद केला. तेच न्यायालय, निकाल लिहिणारे तेच न्यायमूर्ती सदरलँड, आणि आता म्हणाले की शास्त्राचं राहू दे, गोरा म्हणजे सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो. ओझावाच्या खटल्यातलंच माप कायम धरलं असतं तर थिंडना दार उघडावं लागलं असतं. पण दार बंद ठेवायचं आधीच ठरलं होतं, माप नंतर निवडलं.

थिंडचा युक्तिवाद मला आजही सलतो. अन्याय झालेला माणूस, आणि तोही न्याय मागताना म्हणतोय की मला त्या खालच्यांत मोजू नका.

आणि पुढे बघा, अमेरिकेच्या जनगणनेत १९२०, १९३० आणि १९४० मध्ये 'हिंदू' हा वंश होता, धर्म कुठलाही असो, म्हणजे शीख हिंदू, मुसलमान हिंदू. १९७० मध्ये त्याच लोकांना गोऱ्यांत मोजलं. १९८० मध्ये आशियाई भारतीय. एखादा माणूस १९३० मध्ये तिथे असेल आणि पन्नास वर्षं एकाच घरात राहिला असेल तर कागदावर त्याचे निदान तीन वंश झाले.

म्हणून नवखा, विज्ञानाने विषय संपत नाही. रेघ खोटी असली तरी त्या रेघेपायी नाकारलेलं नागरिकत्व खरं असतं.

नवखा_वाचक:

बापरे. थिंड प्रकरण पहिल्यांदाच कळलं. मनापासून आभार.

पाऊलखूण:

अर्धविराम यांच्या शेवटच्या वाक्यावरून पुढे. हाच पेच कृष्णवर्णीय तत्त्वज्ञांमध्येही आहे आणि तिथे तो जास्त प्रामाणिकपणे लढला गेलाय. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १८९७ मध्ये मांडलं की आपला वंश टिकवला पाहिजे, त्याला जगाला द्यायचा एक संदेश आहे. क्वामे अँथनी अपिया यांनी १९८५ मध्ये त्यावर लिहिलं की डू बॉइस जीवशास्त्र मागच्या दाराने आत आणतायत, वंश नावाची गोष्ट जगात नाहीच. आता अपियांचं तर्कशास्त्र मला बिनतोड वाटतं, आणि तरी डू बॉइसना सोडवत नाही, कारण ज्यांना रंगावरून एकत्र कोंडलं त्यांनी एकत्र उभं राहायचं ते कुठल्या नावाने?

अनुवादात हे कसं चावतं ते सांगते. २०२० च्या जूनमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ठरवलं की वंश-संस्कृतीच्या अर्थाने 'ब्लॅक' लिहिताना बी मोठा काढायचा, आणि महिन्याभराने ठरवलं की 'व्हाइट'चा डब्ल्यू मात्र लहानच. वॉशिंग्टन पोस्टने दोन्ही मोठे केले. यावर तिकडे ढिगाने लेख आलेत. डू बॉइस स्वतः वर्षानुवर्षं 'नीग्रो'चा एन मोठा लिहा म्हणून भांडले, न्यूयॉर्क टाइम्सने ते १९३० मध्ये मान्य केलं. आणि आपल्या देवनागरीत मोठं अक्षरच नाही! एवढा मोठा लढा ज्या अक्षराच्या उंचीवर झाला ती उंची आपल्या लिपीत दाखवताच येत नाही. मी शेवटी अशा लेखात एक वाक्य वाढवून घातलं, दुसरा मार्ग सुचला नाही.

जुनाजाणता:

आणि आपला वंश हा शब्द तरी कुठला बाहेरचा! रघुवंश, वंशावळ, वंशाचा दिवा. मराठीत वंश म्हणजे मुळात कुळ, घराणं. त्यामुळे परदेशी लेखातला भयानक विचारही मराठीत आला की आजोबा-पणजोबांच्या गप्पांसारखा मवाळ वाटायला लागतो. उलट वर्णद्वेष शब्द दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांतून इतका रुजलाय की त्यात रंग तेवढा दिसतो, रक्त दिसत नाही.

राष्ट्राच्या व्याख्येचा वाद आपल्याकडेही रेनाँपर्यंत जाऊन आलाय. डॉ. आंबेडकरांनी १९४० च्या पाकिस्तानवरच्या ग्रंथात रेनाँ घेतला आहे, आणि त्यांना वारशाइतकंच विस्मरणही महत्त्वाचं वाटलं, भूतकाळातल्या जखमा दोन्ही बाजूंना विसरता येत नसतील तर एक राष्ट्र होणार कसं. आर्य वंशाचा सिद्धांत त्यांनी १९४६ मध्ये शूद्रांवरच्या ग्रंथात पुराव्यानिशी खोडला. आणि त्याआधी १९२३ मध्ये, म्हणजे थिंडचा निकाल लागला त्याच वर्षी, सावरकरांनी हिंदुत्वावरच्या पुस्तकात राष्ट्र, जाती आणि संस्कृती असे तीन बंध सांगितले, त्यातला मधला रक्ताचा. पण त्याच पुस्तकात त्यांनी असंही लिहिलंय की खरं पाहता जगात वंश एकच, मानवाचा, बाकी सगळं कामचलाऊ. एकाच पुस्तकात ही दोन्ही वाक्यं. पुढे कुणी कुठलं उचललं ते ज्याने त्याने आठवावं.

त्रिज्या:

जुनाजाणता, हे शेवटचं मान्य, निवड कशी होते तेच बघायला हवं.

मधुमालती, तुमच्या मूळ प्रश्नात मात्र मला एक अडचण दिसतेय. आपण म्हणजे ऐकणारा आत, बरोबर? पण अनुवादाचा ऐकणारा मराठी वाचक आहे. तो तर त्या देशाचा नाहीच. मग काटेकोर बघितलं तर पहिल्या ओळीपासून आम्हीच हवं.

मधुमालती:

त्रिज्या, यावर दोन दिवस विचार करतेय. तुमचं व्याकरण बरोबर आहे. पण मग लेख सरसकट आम्ही, आम्ही होतो आणि मधला बदल पुन्हा गुडूप होतो. त्यामुळे ऐकणारा म्हणून मी मराठी वाचक न धरता मूळ लेखाचाच कुणीतरी वाचक धरायचं ठरवलं. असा, की जन्म तिथलाच, शाळा तिथलीच, नागरिकत्व तिथलं, पण आईबाप बाहेरून आलेले. तो लेख वाचत चाललाय. कुठल्या ओळीवर तो स्वतःहून बाहेर पडतो? तिथून आम्ही. माझ्या मते ती ओळ चौथ्या परिच्छेदातली, कॅथीड्रलची.

दूरदेशी:

इतके दिवस नुसता वाचत होतो. मी पंचवीस वर्षं युरोपात आहे, मुलगी इथेच जन्मली, आता कॉलेजात आहे. मधुमालतीताईंनी वर्णन केलेला वाचक माझ्या घरात आहे म्हणून त्यांना निरोप करून मूळ लेख मागवला, आणि काहीही न सांगता तिला दिला. म्हटलं, पेन्सिल घे आणि जिथे तुला वाटेल की आता हे माझ्याबद्दल नाही तिथे रेघ मार.

तिने रेघ दुसऱ्या परिच्छेदात मारली. 'मोठ्या मनाने दारं उघडली' त्या वाक्याखाली.

मी विचारलं, यात काय वाईट आहे, ते तर चांगलंच बोलतायत की. ती म्हणाली, बाबा, दार उघडणारे कोण आणि दाराबाहेर उभं कोण? मी तर घरातच जन्मले. मग समासात तिने मराठीत लिहिलं, तिचं मराठी मोडकं आहे, 'मी पाहुणी नाही आहे'. पुढचं तिने वाचलं पण रेघ पुन्हा मारली नाही. कॅथीड्रलपर्यंत ती त्या लेखात उरलीच नव्हती.

मधुमालती:

दूरदेशी, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ते वाक्य मी स्वतः आपण घालून लिहिलं होतं आणि या धाग्यात वर टाकलंय, 'इथवर काही अडलं नाही' असं म्हणून. आम्हा कुणालाच ते दिसलं नाही, मला तर नाहीच, माझं कामच ते असून.

काल रात्री बसून दुसऱ्या परिच्छेदापासून सगळं पुन्हा लिहिलं. 'आपण सगळेच थकलो आहोत' ठेवलंय. त्याच्या पुढचं वाक्य आता 'आम्ही मोठ्या मनाने दारं उघडली' असं आहे. तुमच्या मुलीला चालत असेल तर पाठवण्याआधी मसुदा एकदा तिला दाखवायचाय. तिची पेन्सिल जिथे थांबेल तिथे मी पुन्हा बघेन.

दूरदेशी:

पाठवा. ती हो म्हणालीय. फक्त मराठी वाचायला तिला वेळ लागेल, चार दिवस द्या.